सेविका येईपर्यंत

"स्वतःहून अंथरुणातून उठून बसता येतं का?" टॅबमधल्या बाईनं विचारलं.

"येतं," हे म्हणाले.

मी दारात उभी होते. हातात ह्यांच्याच अंगाखालून काढलेली ओली चादर होती. त्याच सकाळी ह्यांना उठवून बसवताना माझ्या कमरेतून अशी कळ गेली होती की खिडकीचा गज धरून मी तशीच वाकून राहिले, आणि रणजित येईपर्यंत मला ना सरळ होता आलं ना खाली बसता आलं.

मुमताजनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मुलाण्याची मुमताज, आमच्या गावची आशा कार्यकर्ती. टॅब तिच्या मांडीवर होता. तिनं बोटानं 'होय' दाबलं.

"कोणाच्याही आधाराशिवाय उभं राहता येतं का?"

"ऱ्हातो की."

"शौचाला स्वतः जाता येतं का?"

ह्यांनी जरा दम घेतला. लकवा मारल्यापासून ह्यांचं बोलणं थोडं ओढून यायचं, पण शब्द साफ असायचा. "जातो. काठी घेऊन."

"अहो, काय सांगताय तुम्ही?" मी म्हणाले.

"तिनं मला विचारलंय. तुला न्हाई."

घरात काठी कुठं आहे हे मला आठवत नव्हतं. ती लागण्याची वेळच कधी आली नव्हती. डावी बाजू गेल्यापासून हे पलंगावरून स्वतःहून खाली उतरले नव्हते.

"काकी," मुमताज हळूच म्हणाली, "माणूस बोलता असला की त्याचंच उत्तर घ्यायचं, असं शिकवलंय आम्हाला. घरच्यांनी मधी बोलायचं न्हाई."

आंघोळ, जेवण, कपडे, कूस बदलणं. टॅबमधली बाई गोड आवाजात विचारत गेली आणि हे प्रत्येकाला होय म्हणत गेले. शेवटी ती बाई म्हणाली, "सध्या आपल्याला घरपोच सेवेची आवश्यकता दिसून येत नाही. धन्यवाद."

मागच्या अंगणात चादरी धुवायला बसलेला रणजित हात पुसत आत आला. "झालं? काय म्हणलं?"

"तात्या सगळ्यात पास झाले," मुमताज म्हणाली. "म्हणून सेवा न्हाई."

रणजितनं बापाकडं बघितलं. ह्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

---

आमच्या विट्याकडच्या गावांतली माणसं गलाईला जातात. सोन्याचांदीची जुनी मोड आणि सोनाराच्या दुकानातली झाडलोट वितळवून त्यातून चोख सोनं काढायचं, असा तो धंदा. पोरं मिसरूड फुटायच्या आधी मद्रास, कलकत्ता, कोचीन अशी कुठंकुठं पांगतात आणि केस पिकले की परत येतात. गावात बंगले मोठमोठे, रंगीत गेटांचे. आत दोन म्हातारी माणसं, नाहीतर एक, नाहीतर कुलूप.

हे सेलमला होते. आमचं लग्न झालं तेव्हाही आणि रणजित झाला तेव्हाही. वर्षातून एकदा जत्रेला यायचे, पोराला खेळणं आणायचे, मला साडी आणायचे, आणि परत जायचे. सासूसासऱ्यांचं मी केलं, शेत मी बघितलं, रणजितला शिकवलं मी. त्याची दहावी झाली आणि ह्यांनी त्यालाही भट्टीवर नेलं. पुढं त्यानं कोइमतूरला स्वतःचं दुकान टाकलं. हे कायमचे घरी आले तेव्हा मला वाटलं, आता दोघं मिळून राहू. वर्ष-दीड वर्ष तसं राहिलोही. हे संध्याकाळी ओट्यावर बसून मला सेलमच्या गोष्टी सांगायचे. मग एका सकाळी तोंड धुताना हे तिथंच कोसळले.

नंतरची वर्षं मी एकटीनं उचललं. माणूस किती जड असतो ते त्याला उचलल्याशिवाय कळत नाही. विट्याच्या डॉक्टरनं फोटो बघून सांगितलं, मणक्यात गॅप आलाय, आता वजन उचलायचं नाही. मी विचारलं, मग ह्यांना कोण उचलणार? डॉक्टर म्हणाले, कुणीतरी ठेवा. गावात ठेवायला माणूस उरलंय कुठं? जो तो परमुलखात.

दिवाळीला रणजित आला आणि माझं चालणं बघून गेलाच नाही. दुकान मेव्हण्यावर सोपवलं. बायको आणि पोरगी तिकडंच राहिली, पोरीच्या शाळेसाठी. सूनबाईला तो फोनवर रोज एकच सांगायचा, "सेविका मिळेपर्यंत थांबतो."

शासनाची घरपोच शुश्रूषा आमच्या तालुक्यात आधीपासून होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडं शिकलेली सेविका रोज यायची, आंघोळ घालायची, जखमा बघायची. पण कागद तालुक्याला जायचा, तिथून जिल्ह्याला, मग कुणीतरी तपासायला यायचं, मग परत कागद. वरच्या आळीच्या भागूबाईची मंजुरी तिच्या वर्षश्राद्धाला आली होती. त्या साली मात्र सगळं टॅबवर आलं. आशानं घरी यायचं, प्रश्न विचारायचे, मशीन तिथंच ठरवणार, आणि दोन-चार दिवसांत सेविका दारात. रणजितनंच ते पहिल्यांदा शोधलं, फोनवर नाव घातलं, मुमताजला जाऊन सांगून आला. त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला होता.

आणि ह्यांनी असं केलं.

मुमताज गेल्यावर मी ह्यांना खूप बोलले. आयुष्यात इतकं कधी बोलले नसेन. "माझी कंबर मोडली ती दिसत न्हाई तुम्हाला? का बायकोनं मरंपर्यंत उचलायचं असंच ठरलंय? काठी घेऊन जातो म्हणं. जावा की मग, उठा."

ह्यांचं भिंतीकडं तोंड.

"आई, राहू दे," रणजित म्हणाला. "अनोळखी बाईसमोर सांगायला लाज वाटली असंल त्यांना. आपण परत बोलवू."

मलाही तेच वाटलं. सेलमला चार माणसांवर मुकादमी केलेला माणूस. मला संडासला जाता येत नाही, असं गावातल्या पोरीसमोर कसा म्हणेल?

---

परत तपासणी मागता येत होती. मुमताज म्हणाली, ह्या खेपेला नुसतं विचारायचं नाही, माणूस उठायला बघतो तेव्हा त्याचं चित्रण घ्यायचं. मशीन ते बघून ठरवतं. मला हायसं वाटलं. तोंड खोटं बोलेल, अंग कसं बोलेल?

मधल्या दिवसांत मला एकदोन गोष्टी दिसल्या होत्या, पण मी त्यांचा विचार केला नाही. खिडकीच्या गजाला आम्ही एक जुनं धोतर पीळ घालून बांधलं होतं, ह्यांना धरून कूस बदलता यावी म्हणून. त्याची गाठ दोनदा सैल झालेली दिसली. दुपारी मी पडायचे, रणजित शेताकडं जायचा. त्या वेळेत ह्यांचा सदरा घामानं ओला व्हायचा. कोपराला सोललं होतं. मी हळद लावली आणि विचारलं, कशानं झालं? हे म्हणाले, पलंगाला घासलं.

मुमताज आली. तिनं टॅब उभा धरला. रणजित पलंगाजवळ गेला तशी ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही लांब उभं ऱ्हावा. हात लावायचा न्हाई."

ह्यांनी उजव्या हातानं धोतर पकडलं. मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा वर आल्या. चांगल्या पायानं मेलेला पाय ढकलत ढकलत पलंगाच्या कडेला आणला. खालचा ओठ दातात धरला होता. आणि हे उठून बसले. मग तो हात गजावर गेला, आणि मी बघत असताना, सगळ्या अंगाला कापरं भरलेलं असताना, हे उभे राहिले.

मला वाटतं, मी 'अगं बाई' असं काहीतरी म्हणाले. त्या क्षणी मला आनंदच झाला होता. खोटं कशाला सांगू? नवरा उभा राहिलेला बघून कुठल्या बाईला आनंद होणार नाही?

"तात्या, खरंच उभं ऱ्हायला की तुम्ही," मुमताज म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

रणजित मात्र हलला नाही. तो बापाकडं बघत होता आणि त्याचा चेहरा मला वाचता आला नाही.

हे परत टेकले. टॅबनं पुन्हा तेच धन्यवाद सांगितलं. मुमताज गेली. रणजित औषधं आणायला गाडी घेऊन विट्याला गेला. जाताना दाराशी थांबला, आत वळून बघितलं, आणि गेला.

मी चहा ठेवला होता. आतून धप्प असा आवाज आला.

हे फरशीवर होते. एका अंगावर पडलेले, मेलेला हात खाली दुमडलेला. धोतराला लटकून पुन्हा बसायला बघितलं असणार. कपडे ओले झाले होते. कपाळावर खोक पडली होती, फार खोल नव्हती. मी काखेत हात घालून ओढायला बघितलं आणि कंबरेनं तिथंच नकार दिला. शेजारच्या बंगल्याला कुलूप. पलीकडच्या घरात म्हातारी सोनाक्का, तिला स्वतःलाच धरून चालवावं लागायचं. मी रणजितला फोन लावला. तो म्हणाला, निघतो लगेच. विट्याहून यायचं म्हणजे तेवढा वेळ जाणारच.

मग मी फरशीवरच बसले आणि ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं. पदरानं कपाळ दाबून धरलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं दुपारचं, काही काम नसताना, दोघं एकमेकांजवळ कधी बसलो होतो ते मला आठवेना.

"कशापायी करताय हे?" मी विचारलं. आता माझ्या आवाजात राग उरला नव्हता. "लाज वाटती का?"

"लाज कसली आता," हे म्हणाले. "तू सगळं बघितलंस. पोरानं बघितलं. कसली लाज."

"मग?"

ह्यांनी नजर छताकडं वळवली.

"ती बाई आली की पोरगं जाणार."

मला आधी कळलंच नाही. "जाणारच की. त्याचं दुकान हाय, बायको हाय, लेकरू हाय."

"गेलं की येणार न्हाई." हे एकेक शब्द ओढत बोलत होते. "मला ठावं हाय. माझा बाप पडला तवा तू हुतीस घरात. आठवतंय? तू सगळं करत हुतीस. मला सेलमला पत्र यायचं, दादांचं बरं हाय, शालन बघती. मी वाचायचो आणि म्हणायचो, बघती न्हवं, मग झालं. जत्रेला जाऊ. जत्रा आली की म्हणायचो, भट्टी सोडून कसं जायचं, दिवाळीला जाऊ. घरात करणारं माणूस हाय म्हणलं की जिवाला घोर ऱ्हात न्हाई, शालन. घोर न्हाई तर माणूस कशाला येतंय?"

सासऱ्यांचं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. दोन वर्षं मी केलं होतं त्यांचं. हे आले तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती.

"तवा मोठे कागद लागायचे म्हणून लोकास्नी थांबावं लागायचं," हे म्हणाले. "आता ह्या मुमताजीच्या पाटीवर बोट लावलं की झालं. आज लावलं, परवा बाई. मला वाटलं हुतं वरीसभर तरी जाईल त्यात. वरीसभर पोरगं घरात ऱ्हाईल."

"तुम्हाला पोरगं पाहिजे म्हणून माझी कंबर—"

"मला न्हाई गं." ह्यांनी चांगला हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. "मी आज हाय, उद्या न्हाई. मी गेल्यावर तू ह्या एवढ्या घरात एकटी. त्याला हितली सवय लागली तर तुझ्याजवळ ऱ्हाईल, असं वाटलं. तेवढंच."

कपाळावरचा पदर लाल झाला होता. मी तो उलटा करून परत दाबला. मला रडू यायला हवं होतं, पण मला आला तो एक जुना, थंड राग, आणि तो ह्यांच्यावरही नीट येत नव्हता.

"माझी काळजी नका करू," मी म्हणाले. "एकटीनं ऱ्हायची मला सवय हाय. तुम्हीच लावली."

ह्यांच्या डोळ्याच्या कडेतून पाणी कानाकडं ओघळलं, ते मी पुसलं.

"त्याची पोरगी तिकडं बापाविना वाढतीय," थोड्या वेळानं मी म्हणाले. "ती रोज फोनवर विचारती, पप्पा कधी येणार? रणजितबी असंच विचारायचा. तुमाला ऐकू येत न्हवतं, मला यायचं. मला ते परत ऐकायचं न्हाई. मुमताजला परत बोलवायची. ह्या वेळी खरं सांगायचं."

"माझ्या तोंडातनं येणार न्हाई."

"मग गप बसा. मी सांगते."

रणजित आला. दारातूनच त्यानं बघितलं, पिशवी तिथंच टाकली, आणि बापाला लहान पोरासारखं दोन्ही हातांवर उचललं. कपडे बदलले, खोक धुतली. कसे पडलात, असं त्यानं विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

---

तिसऱ्या वेळी मुमताज स्वतःच कानकोंडी झाली होती. "ही शेवटची काकी. ह्यानंतर सहा महिने मशीन घेत न्हाई."

"स्वतःहून अंथरुणातून उठून बसता येतं का?" बाईनं विचारलं.

हे छताकडं बघत राहिले.

बाईनं पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. तिच्या आवाजात काडीचाही फरक पडला नाही. मग म्हणाली, "लाभार्थी उत्तर देत नसल्यास कृपया काळजी घेणाऱ्या व्यक्तीनं उत्तर द्यावं."

मुमताजनं माझ्याकडं टॅब वळवला.

"न्हाई," मी म्हणाले.

"कोणाच्याही आधाराशिवाय उभं राहता येतं का?"

"न्हाई."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. हे माझ्याकडं बघत नव्हते, पण ऐकत होते. रणजित बाहेर ओट्यावर बसला होता, त्याची पाठ मला दिसत होती. प्रत्येक प्रश्नाला मी न्हाई म्हणत गेले आणि माझा आवाज बारीक होत गेला. घास स्वतःच्या हातानं खाता येतो का, असं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "येतो. उजव्या हातानं येतो." तेवढं एक तरी होय सांगता आलं म्हणून मला उगाचच बरं वाटलं.

मुमताजला दिलेला चहा निवायच्या आत मंजुरी आली. टॅबवर हिरवी खूण उमटली. मुमताज म्हणाली, "काकी, गावातली पहिली तुमचीच." तिला वाटलं मी हसेन.

तिसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वला दारात उभी होती. शेजारच्या गावची, तीसेक वर्षांची, अंगानं किरकोळ. मला वाटलं ही काय उचलणार? तिनं चादर दुहेरी करून ह्यांच्या अंगाखाली घातली, एका बाजूनं ओढली, आणि हे अलगद कुशीवर वळले. मी तीन वर्षं नुसत्या ताकदीनं करत होते ते. पडून पडून पाठीवर झालेली जखम तिनं धुतली. ह्यांना "दुखतंय का तात्या?" असं विचारत होती. हे म्हणाले, "न्हाई बाळ." तिचं काम खरंच चांगलं होतं. त्यात मला कधी काही बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

चार-पाच दिवस रणजितनं तिला सगळं दाखवलं. औषधं कुठं, भांडं कुठं, तात्यांना कुठल्या कुशीवर झोप लागते. मग मिरजेहून रेल्वेचं तिकीट काढलं.

निघायच्या दिवशी त्यानं बापाची दाढी केली. फेस पुसून झाल्यावर हे म्हणाले, "भट्टीपाशी तोंडाला फडकं बांधत जा. मी बांधलं न्हाई."

"बांधतो, तात्या."

"जा आता. गाडी चुकंल."

मी त्याला फाट्यापर्यंत पोचवायला गेले. बस यायला अवकाश होता. बॅग मध्ये ठेवून आम्ही दोघं लिंबाखाली बसलो.

"आई," तो म्हणाला, "तात्या खोटं का सांगत होते मला माहीत होतं."

मी त्याच्याकडं बघितलं.

"पहिल्या दिवशीच कळलं. आणि ते दुपारचं उठायचा सराव करतात तेपण माहीत होतं. एकदा शेतातनं लवकर आलो होतो, खिडकीतनं दिसलं."

"मग बोलला न्हाईस ते?"

"काय बोलणार?" तो पायानं माती सारत होता. "मी लहान असताना ते सेलमला निघाले की मी त्यांचा सदरा धरून ठेवायचो. तू बोटं सोडवायचीस. आठवतंय तुला? त्यांनी मला धरून ठेवलंय असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं, आई. मला वाटलं, चालू दे थोडे दिवस." तो थांबला. "पण मग त्या दिवशी ते उभे राहिले ना, ते मला बघवलं न्हाई."

बस आली. तो चढला. खिडकीतून हात केला. मी परत आले.

हे दाराकडंच बघत होते.

"गेला?"

"गेला."

"रडला का?"

"न्हाई."

"गाडीत रडंल," हे म्हणाले. "मी रडायचो. गाडी विटा सोडून पुढं गेली की. दर वर्षी."

इतक्या वर्षांत ह्यांनी मला ते कधी सांगितलं नव्हतं. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण तेवढ्यात उज्ज्वला गरम पाण्याची बादली घेऊन आली, "काकी, जरा बाजूला व्हता का?" म्हणाली, आणि मी बाजूला झाले.

---

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गावात निम्म्या घरांत सेविका येतात. ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं म्हणतात, पूर्वीसारखं ताटकळावं लागत नाही, आणि ते खरं आहे.

हे त्यानंतर वर्षभर होते. रणजित रोज संध्याकाळी फोनवर चेहरा दाखवायचा, पोरीला बोलायला लावायचा. जत्रेला येतो म्हणाला, तेव्हा पोरीची परीक्षा होती. दिवाळीला येतो म्हणाला, तेव्हा मेव्हण्याशी दुकानाचं काहीतरी निघालं. मी त्याला कधी दोष दिला नाही. तात्या कसे आहेत, असं विचारायचा आणि मी सांगायचे, उज्ज्वला चांगलं बघती.

माझी कंबरही सुधारली. फाल्गुनात आटपाडीला भावाच्या नातीचा साखरपुडा होता. भाऊ म्हणाला, इतक्या वर्षांत माहेरी मुक्कामाला आली न्हाईस, आता तर माणूस आहे घरात. उज्ज्वला म्हणाली, जावा काकी, मी राहते. ह्यांनाही विचारलं. हे म्हणाले, "जाऊन ये. माझं काय अडतंय?" मी गेले. सगळ्या बहिणी जमलो होतो. गप्पा मारत बसलो, मी खूप हसले. सकाळी भावाच्या फोनवर उज्ज्वलाचा फोन आला.

रणजित दुसऱ्या दिवशी पोचला. तोवर विट्याहून बर्फाची पेटी आणून ह्यांना त्यात ठेवलं होतं. काचेवर पाण्याचे थेंब धरले होते. त्यानं बाहीनं काच पुसली आणि बघितलं.

माती झाल्यावर लोक पांगले. उज्ज्वला भांडी उचलायला थांबली होती. रणजितनं तिला बोलावलं आणि समोर बसायला सांगितलं. तो खाली चटईवर बसला. मीही जाऊन त्याच्या शेजारी बसले.

"शेवटी काय झालं ते सांगा," तो म्हणाला.

उज्ज्वलानं माझ्याकडं बघितलं. मी सांग म्हणून मान हलवली. मलाही ठाऊक नव्हतं.

"पहाटे जागे झाले," ती म्हणाली. "पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजलं. मला म्हणाले, तू झोप बाळ, दमली असशील. मी म्हणलं, न्हाई तात्या, बसते. मग त्यांनी माझा हात धरला. जरा वेळ धरून होते. मग सुटला."

"आणखी काही म्हणाले?"

"न्हाई."

"कुणाचं नाव घेतलं?"

तिनं मान खाली घातली. "न्हाई भाऊ."

रणजित म्हणाला, "परत सांगा. पहिल्यापासून."

तिनं परत सांगितलं. पाणी, चमचा, हात. आम्ही दोघं तिच्यासमोर बसून ऐकत होतो.